उरलेली चिठ्ठी

कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या बेतात होती तेव्हा मोबाइल किणकिणला, आणि वर्षालीनं कणकेचे हात सांभाळत करंगळीनं मेसेज उघडला. अवनीच्या शाळेचा होता, साधना मॅडमचा. महापालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभागांच्या आरक्षणाची सोडत पुढच्या मंगळवारी आहे, चिठ्ठ्या काढायला शाळेतून तीन मुलं निवडली आहेत, त्यात तिसरीतली अवनी आहे. स्वच्छ गणवेश, दोन वेण्या, सकाळी दहा. सोडत म्हणजे काय ते पाल्यास घरी समजावून सांगावे. शेवटी अभिनंदन आणि टाळ्या वाजवणारे पिवळे हात. कुकरनं तिसरी शिट्टी दिली, चौथी दिली, पाचवी दिली, आणि वर्षाली ओट्याशी उभी राहून स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. कणकेनं माखलेला, जाडसर बोटांचा, अंगठ्याच्या मुळाशी विळीचा जुना व्रण असलेला एक साधा हात. याच हाताला एकदा एका म्हाताऱ्यानं भर मांडवात कपाळ टेकवलं होतं, हे या घरात कोणाला माहीत नव्हतं.

"काहून वं, भात लावून राहिली का करपवून राहिली?" शिवम टॉवेलनं डोकं पुसत आला. औषधांच्या कंपनीत होता तो. वरूड, मोर्शी, चांदूरबाजार असा आठवडाभर मोटारसायकलवर फिरायचा आणि घरी आला की त्याची भाषा आणखीच सैल व्हायची. त्यानं मेसेज वाचला आणि हसत सुटला. "घ्या! म्हंजे आता कोन्या वार्डात बाई उभी राहीन आन् कोन्या वार्डात बुवा, ते आपली पोरगी ठरवनार. आपल्या गल्लीचा रस्ता मागून घेजो म्हना तिले."

"ती ठरवणार नाही. चिठ्ठी ठरवणार," वर्षाली म्हणाली.

"तेच ते."

तेच ते नव्हतं, पण तिनं कुकर उतरवला. खाली भाताचा तपकिरी पापुद्रा धरला होता. काळजी ही तिच्या रोजच्या ओळखीची गोष्ट होती. द्राक्षं उभी चिरून द्यायची, प्लगांच्या भोकांना चिकटपट्ट्या लावायच्या, स्कूलव्हॅनवाल्याचे डोळे सकाळी लाल तर नाहीत ना ते पाहायचं, धाकटा ईशान झोपला की त्याच्या नाकाशी बोट धरायचं. या काळज्यांना जागा होत्या, वेळा होत्या, घरातल्या भांड्यांसारख्या त्या जिथल्या तिथं असायच्या. ही मात्र वेगळीच होती. ही पोटात नव्हती, हातात होती, तळव्याच्या मध्यभागी, आणि ती सत्तावीस वर्षांची होती.

ती तेव्हा सात वर्षांची. अकोल्याला, जठारपेठेत, घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं ऑफिस होतं. हेमचंद्र वकील. दोन बाकं, खिळ्याला काळा कोट, काचेच्या कपाटात तांबड्या पाठींची पुस्तकं, आणि कायम एक वास, शाईचा आणि बाहेरगावच्या माणसांच्या घामाचा. बाळापूरच्या बाजूचे दोन भाऊ चार महिने त्या बाकांवर येऊन बसत होते. थोरला पुंजाराम, धाकटा नत्थुजी. अठरा एकर काळी जमीन, तिचे दोन वाटे. एक विहिरीकडचा, सडकेला लागून. दुसरा नाल्याकडचा, अर्धा एकर जास्त, पण पाणी नसलेला. दोघांनाही विहिरीकडचा हवा होता. दोघांचा वकील एकच, कारण दोघांचाही विश्वास बसेल असा दुसरा माणूस त्यांना ठाऊक नव्हता. पुंजाराम येताना धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणायचा, तिला बाकावर उभी करायचा आणि म्हणायचा, "वकीलीनबाई, आमची केस पाहा बरं जराशी." नत्थुजी भावाकडे पाठ करून बसायचा. त्याच्या मिशा जाड होत्या, तो तंबाखू मळायचा, आणि एकदा त्यानं घरातल्या मांजरीला चपलेनं उडवलेलं तिनं पाहिलं होतं. चार महिने दोघं एकमेकांशी न बोलता बाबांशी भांडले. शेवटी बाबा म्हणाले, ईश्वरचिठ्ठी टाकू. दोघं लगेच कबूल झाले, कारण त्यात भावाचं ऐकावं लागत नव्हतं.

आणि चिठ्ठी उचलायला लहान लेकरू लागतं. तशी पद्धतच आहे. ज्याला अजून आपलं-परकं कळत नाही, ज्याचं कोणाशी देणंघेणं नाही, असा एक हात. "वकीलसाहेबाची लेक हाये नं," नत्थुजीच म्हणाला होता, तो मांजरीला चप्पल मारणारा. "तिले का ठाऊक विहीर आन् नाला?" तिला न्हाऊमाखू घातलं होतं, बाहीला रेशमी फीत असलेला फ्रॉक घातला होता. आईनं, कुंदाबाईंनी, गजानन महाराजांच्या फोटोपुढं तांब्याचं ताम्हण ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. बाबांनी टेबलाच्या पलीकडे बसून दोन चिठ्ठ्या लिहिल्या, चार-चार घड्या घातल्या, ताम्हणात टाकून ते हलवलं आणि म्हणाले, "डोळे मीट आणि एक उचल. येईल ती पुंजारामची. राहील ती नत्थुजीची." तिनं डोळे मिटले, पण पूर्ण नाही. ती नुकतीच सलग वाचायला लागली होती आणि दिसेल ते वाचायची तिला खोड होती. किलकिल्या पापण्यांतून तिला दिसलं की डावीकडच्या चिठ्ठीला बाबांच्या पेनाची शाई फुटली आहे, आणि पातळ कागदाच्या पाठीवर उलटा, निळसर, पण ओळखू येणारा 'वि' उमटला आहे. वि विहिरीचा. तिच्या दातात अजून बोराचं साल अडकलेलं होतं. तिनं डावीकडची चिठ्ठी उचलली.

एवढंच. पुढं काय झालं ते तिला बारीकसारीक आठवत होतं, पण ते सगळं आता कोणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओसारखं. बाबांनी चिठ्ठी उलगडून वाचलं, "विहिरीकडचं." पुंजाराम तोंडावर उपरणं दाबून रडला. नत्थुजी उठला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी श्वास धरला, पण तो ताम्हणापुढं वाकला, हात जोडले, म्हणाला, "देवानं देल्लं. आता का बोलाचं." बाबांनी उरलेली चिठ्ठी, न उघडता, ताम्हणातच ठेवली, तिच्यावर कापूर ठेवून पेटवला. आगीत कागद आधी पिवळा झाला, मग उलगडल्यासारखा हलला, मग काळा. "देवाचं झालं की दुसरी उघडायची नसते," बाबा म्हणाले. सगळ्यांना पेढे दिले. तिला दोन.

पुढच्या वर्षीपासून दर फाल्गुनात नत्थुजी तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन यायचा. पुंजाराम कधी आला नाही, नत्थुजी यायचा. दारातच विचारायचा, "कुठं हाये आमची चिठ्ठीवाली बाई?" ती आतल्या खोलीत पलंगाखाली लपायची, मोठी झाल्यावर अभ्यासाचं निमित्त करायची. त्याचं पुढं काय होत गेलं ते तिला जेवताना, आईबाबांच्या बोलण्यातून, तुकड्यातुकड्यानं कळायचं. नाल्याला पूर आला, नत्थुजीचा बांध गेला. नत्थुजी रात्रपाळीला कापसाच्या जिनिंगवर राहिला. नत्थुजीच्या मुलीचं कॉलेज सुटलं. यातल्या प्रत्येक बातमीला निराळं कारण असणार, पाऊस असेल, त्याचा स्वभाव असेल, त्या मुलीलाच शिकायचं नसेल. पण वर्षाली ताटातला घास तसाच धरून बसायची आणि त्या सगळ्या गोष्टी एकामागून एक तिच्या उजव्या हाताशी येऊन थांबायच्या. तिच्या लग्नातही तो आला. म्हातारा झाला होता, मिशा पांढऱ्या. अक्षता टाकून झाल्यावर स्टेजवर आला, तिचा मेंदीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकवलं. "ह्या हातावर माहा काई राग नाई, बाई," म्हणाला. "हा देवाचा हात व्हय." शिवम तेव्हा कोणाशी तरी फोटोसाठी हसत होता. फोटोत ते आलेलं नाही.

इथंच अमरावतीला कॉलेजात असताना तिनं तत्त्वज्ञान घेतलं होतं. वर्गात अकरा जण. सर खडूचा तुकडा बोटांत फिरवत म्हणाले होते, समजा तुम्ही अजून जन्मलाच नाहीत. कोणाच्या पोटी जाणार, बाई की पुरुष, धडधाकट की अपंग, काहीच ठाऊक नाही. आता सांगा, समाजाचे नियम कसे कराल? जो न्याय असं डोळे मिटून करता येतो तोच खरा. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला होता, "सर, जन्मलोच नाही तं परीक्षाही नाही न?" सगळे हसले. ती हसली नव्हती. परीक्षेत तिनं लिहिलं की आपल्या समाजात लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात ते याच तत्त्वाचं रूप आहे, कारण मुलाचा हात निःपक्षपाती असतो. तिला त्या उत्तराला चांगले गुण मिळाले होते. पेपर लिहिताना हाताला घाम फुटून शाई फुटली होती.

शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतले देवरावभाऊ आले. पाच वर्षं ते नगरसेवक व्हायची तयारी करत होते; गल्लीत कोणाचाही वाढदिवस असो, फ्लेक्सवर कोपऱ्यात देवरावभाऊ हात जोडून असायचे. त्यांनी चहा घेतला नाही. अवनीच्या हातावर हातभर लांबीचं चॉकलेट ठेवलं आणि गमतीनं म्हणाले, "ताई, आपला वार्ड ओपन निघाला पाह्यजे बरं का. लेडीज नोको काढजो." मग वर्षालीकडे पाहून, "मजाक करून राहिलो, वहिनी. तिच्या हातात थोडीच हाये?" ते गेल्यावर तिनं ते चॉकलेट अवनीच्या हातून काढून घेतलं, फ्रिजच्या वर ठेवलं. अवनीनं विचारलं, "का? त्यांनी मला दिलं." वर्षालीनं ते आणखी आत सरकवलं. रात्रीपर्यंत ईशाननं स्टूल ओढून त्यातलं अर्धं खाल्लं होतं.

रविवारी ती एकटी अकोल्याला गेली. मुलांना शिवमवर टाकून. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत तिनं मनात वाक्यं जुळवली, मग ती सोडून दिली आणि कापसाच्या गाड्या पाहत बसली. अवनीनं मंगळवारी सोडतीच्या ड्रममध्ये हात घालावा की नाही, हे बाबांशी बोलल्याशिवाय ठरणार नाही असं तिला वाटत होतं. मुलीला तापाचं निमित्त करून घरी ठेवता आलं असतं. पण मग हे असंच राहिलं असतं, आणि उद्या कोणी अवनीच्या हाताला कपाळ टेकवलं तर.

बाबा पुढच्या खोलीतच होते. आता तिथं ऑफिस नव्हतं, दिवाण होता आणि टीव्ही. ते भाजलेल्या शेंगा सोलून दाणे वाटीत टाकत होते, स्वतः खात नव्हते. सोडतीचं ऐकून खूश झाले. "वा! आईचा वारसा चालवतेय पोरगी."

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी डोळे मिटले नव्हते."

"कोणत्या दिवशी?"

"पुंजाराम-नत्थुजीच्या. मला चिठ्ठीवरचा 'वि' दिसला होता, मागून. मी मुद्दाम ती उचलली. पुंजाराम बोरं आणायचा म्हणून."

बाबा शेंग फोडता फोडता थांबले. तिला वाटलं, आता ते रागावतील, किंवा आता त्यांना काहीतरी होईल. त्यांना रक्तदाब होता. स्वयंपाकघरात आईनं फोडणी दिली, मोहरी तडतडली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं ते रागानं नव्हतं. त्यांना बहुतेक गंमत वाटत होती, आणि थोडी दया.

"सत्तावीस वर्षं हे घेऊन बसलीस? वर्षू, अगं, तू उजवी उचलली असतीस तरी विहीरच निघाली असती. दोन्हींवर तेच लिहिलं होतं."

तिनं टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीच्या काळ्या काचेत ती आणि बाबा, दोघं छोटी छोटी दिसत होती.

"ती विहीर पुंजारामनं खणली होती," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज हळूहळू कोर्टातला झाला. "तीन उन्हाळे. स्वतः आत उतरून. नत्थुजी तेव्हा अकोल्यात शिकायला, भावाच्या पैशावर. कायद्यानं दोघांचा हक्क सारखा, विहीर सामाईक, मी कुठं नाही म्हणतोय? पण सारखं म्हणजे न्याय झालं का? आणि हे नत्थुजीला माझ्या तोंडून पटलं नसतं. तो कोर्टात गेला असता, वीस वर्षं तारखा, दोघंही धुऊन निघाले असते. माणसाचं तो ऐकणार नव्हता. देवाचं ऐकला. मी फक्त देवाचं अक्षर काढलं." ते थोडं हसले. "जाळली कशाला वाटतं तुला दुसरी?"

"आणि मी?"

"तुझं काय? तू तर लहान होतीस."

आई चहा घेऊन आली. "काय चाललंय बापलेकीचं? पोर कधी नव्हे ती एकटी आली तर तुम्ही तिला कोर्टाच्या केसेस काय सांगता," असं म्हणत तिनं दाण्यांची वाटी वर्षालीपुढं सरकवली. वर्षालीनं दाणे खाल्ले. खारे होते.

परतीच्या बसमध्ये तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली, बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं, वाटलं नाही. गुन्हा झालाच नव्हता. तो हात, ज्याच्यावर तिनं पूर आणि बांध आणि त्या मुलीचं सुटलेलं कॉलेज रचून ठेवलं होतं, तो एक पळी होता, वाढणारा दुसराच. आणि सगळ्यात अवघड हे होतं की बाबांचं बरोबर होतं. तिनं ते सगळीकडून तपासून पाहिलं, वर्गातल्या त्या सरांना समोर उभं करून पाहिलं. खणणाऱ्याला विहीर मिळाली, भावांचे खून पडले नाहीत, कोर्टात आयुष्यं गेली नाहीत. डोळे मिटून न्याय करायचा म्हणतात. बाबांनी सगळ्यांचे मिटवले आणि स्वतःचे उघडे ठेवले. यात चूक कुठं होती ते तिला बोट ठेवून दाखवता येईना. फक्त मांडवातलं ते कपाळ आठवलं की हाताच्या पाठीवर गरम लागायचं. घरी पोचली तर ईशान तापानं फणफणलेला. शिवम म्हणाला, "दुपारपासून आहे. तुले फोन नाही केला, म्हटलं काहून टेन्शन." तिनं मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. अवनीला सोडतीला पाठवायचं का, हा प्रश्न त्या गडबडीत कोणी न सोडवता सुटून गेला. सोमवारी गणवेश धुऊन दोरीवर होता.

सभागृहात पंखे होते तरी उकडत होतं. ईशानला शिवमपाशी ठेवून ती आली होती, शेवटून तिसऱ्या रांगेत बसली. पुढं पांढऱ्या शर्टांची दाटी. व्यासपीठावर काचेसारखा पारदर्शक ड्रम. अधिकारी बाई कडक इस्त्रीच्या, आवाज सपाट. त्यांनी आधी ड्रम उलटा करून रिकामा दाखवला. मग एकेक चिठ्ठी उघडी धरून वाचली, पुढच्या रांगेला दाखवली, सारखी गुंडाळून, सारखं रबर लावून आत टाकली. कोणीतरी मागून ओरडलं, "म्याडम, ते सात नंबरची पुन्हा दाखवा." त्यांनी पुन्हा दाखवली. मुलांच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. "बाळ, हात घालताना वर पंख्याकडे बघायचं," त्या अवनीला म्हणाल्या. वर्षालीनं तिच्या पापण्या पाहायचा प्रयत्न केला, पण एवढ्या लांबून पापण्या दिसत नव्हत्या. अवनी पंख्याकडे पाहत होती, खरोखर पाहत होती, तोंड उघडं टाकून, आणि तिचा हात त्या पारदर्शक ड्रममध्ये एखाद्या परक्या प्राण्यासारखा फिरत होता. चिठ्ठी निघाली. वाचली. त्यांचा प्रभाग, सर्वसाधारण महिला. पुढच्या रांगेत देवरावभाऊ एक क्षण तसेच बसले. मग खिशातून मोबाइल काढून बायकोला फोन लावला. "आयकून राह्यली का? आता तुले उभं राहा लागते. हो, तुलेच. मजाक नाही करून राह्यलो. आधी एक बरा फोटो काढ." आजूबाजूचे हसले. शेवटी, सगळं झाल्यावर, अधिकारी बाईंनी ड्रममध्ये उरलेल्या चिठ्ठ्याही एकेक उघडून दाखवल्या. "निघाल्या नाहीत त्याही बघून घ्या," त्या म्हणाल्या. "नंतर शंका नको." लोक उठायला लागले होते, कोणी बघत नव्हतं. अवनी मात्र त्यांच्या कोपरापाशी उभी राहून प्रत्येक चिठ्ठी वाचत होती.

ईशानचा ताप शुक्रवारी उतरला. सहा दिवस तो घरात होता, डोळे खोल गेलेले, खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे आवाज काढत. शनिवारी संध्याकाळी शिवमनं सांगितलं की उद्या सकाळी तो वरूडला मित्राच्या संत्र्याच्या बागेत जाणार आहे, तोडा चालू आहे, पोरांपैकी एकाला नेतो. एकालाच. गेल्या वर्षी मोटारसायकल घसरल्यापासून एका वेळी एकच मूल, हा वर्षालीचा नियम होता आणि तो मोडायचा नव्हता. दोघं एकदम ओरडली. ईशानचा आवाज अजून बसलेला होता, त्याचं ओरडणं फुंकर मारल्यासारखं आलं. वर्षालीला ताबडतोब कळलं की ईशानलाच पाठवायला हवं. अवनीची मंगळवारी मिरवणूक झाली, शाळेत टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला. हा सहा दिवस कोंडलेला. यात दुसरं मतच नव्हतं. आणि हेही तिला कळलं की आपण तसं म्हटलं तर अवनी काय म्हणेल. ती आधीच म्हणत होती, "नेहमी ईशानच! तू त्याचीच आई आहेस."

"चिठ्ठ्या टाकू," वर्षाली म्हणाली. "आपल्याकडे आता सोडतीची माणसंच आहेत."

अवनी एकदम शांत झाली. कामाच्या माणसासारखी बाह्या वर करायला लागली. वर्षाली ओट्याकडे पाठ करून उभी राहिली, किराण्याच्या यादीचा कागद फाडला, त्याचे दोन तुकडे केले. पहिल्यावर तिनं लिहिलं, ईशान. बॉलपेन होतं, शाई फुटली नाही. दुसऱ्या तुकड्यावर पेन टेकवलं तेव्हा क्षणभर तिच्या मनात काहीच नव्हतं, बागही नाही, अकोलाही नाही. हातानं लिहिलं. ईशान. चार-चार घड्या. पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात टाकून तिनं त्या हलवल्या आणि जमिनीवर ठेवल्या.

अवनीनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. तोंड उघडं टाकून, प्रामाणिकपणे. हात झाकणात फिरवला, दोन्ही चिठ्ठ्या चाचपल्या, एक उचलली, उलगडली. "ईशान," तिनं वाचलं, त्या अधिकारी बाईंच्या सपाट आवाजात. मग खालचा ओठ दातांत धरला. ईशान सोफ्यावर चढून बसक्या आवाजात संत्री संत्री करत नाचायला लागला. शिवम म्हणाला, "पाह्य, हे बरं झालं, भांडनच नाही." वर्षालीनं झाकण उचलायला हात पुढं केला. अवनीनं तो मनगटाशी अडवला.

"थांब. उरलेली पण उघडायची असते."

वर्षालीला झाकण ओढून घेता आलं असतं. काहीतरी बोलता आलं असतं, दूध उतू जातंय, देवाचं झालं की उघडायची नसते. ते वाक्य घशापर्यंत आलंही, बाबांच्याच आवाजात. तिचा हात अवनीच्या बोटांत होता, आणि ती बोटं लहान आणि कोरडी होती. अवनीनं दुसऱ्या हातानं, नखानं, चिठ्ठीच्या घड्या एकेक सोडवल्या. वाचली. पहिली पुन्हा वाचली. दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी ठेवून तळव्यांनी सपाट केल्या.

ती रडेल असं वर्षालीला वाटलं, बापाला ओरडून सांगेल असं वाटलं. तिनं ईशानकडे पाहिलं, तो अजून नाचत होता. मग तिनं आवाज खाली केला, त्याला ऐकू जाऊ नये इतका.

"मला विचारायचं ना, आई. मी हो म्हटलं असतं."

वर्षालीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरं होतं की नाही ते त्या तोंडावरून कळत नव्हतं. बहुधा अवनीलाही ठाऊक नसावं. विचारलं असतं तरच कळलं असतं. बाकावर भावाकडे पाठ करून बसलेला, तंबाखू मळणारा नत्थुजी तिला दिसला, चार महिने तसाच बसलेला, आणि त्या चार महिन्यांत त्याला तेवढं कोणी विचारलेलं तिला आठवेना. फरशीवरच्या दोन्ही चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं कडेला उचलल्या जात होत्या. अवनीनं त्यांच्यावर पोळ्यांच्या डब्याचं झाकण उपडं ठेवलं आणि बाह्या खाली करून ती आत निघून गेली.